जुळ्याच्या आईचे शेवटचे तीन महिने



सुनेला दिवस गेले असे कळले की आपल्याकडे घरातील थोरली बाई बोटांवर महिने मोजू लागते. नऊ महिने नऊ दिवस, हा आपला पिढीजात हिशेब. एका बाळापुरता तो बहुतेक बरोबर उतरतो. पोटात दोन जीव असले म्हणजे मात्र तो चुकतो, आणि ज्या बाजूला चुकू नये नेमका त्याच बाजूला चुकतो. जुळी बाळे पंचांग पाहून येत नाहीत. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे पुरे होण्याच्या आतच जन्मतात. घरचे लोक मात्र, 'अजून महिना आहे की' असे म्हणत निवांत असतात. आज मला बोलावयाचे आहे ते या एका महिन्याविषयी.

गुरुजी, आपण खडू हातात घ्या. हा हिशेब फळ्यावर मांडण्यासारखा आहे. समजा, गगनबावड्याच्या बाजूच्या एखाद्या वाडीतील सून आहे. तिची शेवटची पाळी २० ऑक्टोबरला आली. डॉक्टर त्या दिवसापासून ४० आठवडे मोजतात, म्हणजे तारीख येते २७ जुलै. कार्डावर हीच तारीख लिहिलेली असते आणि घरातील सर्वांच्या डोक्यात तीच बसते. आता उलटे मोजा. शेवटची तिमाही सुरू होते २८ आठवड्यांना, म्हणजे ४ मे रोजी. ३४ आठवडे भरतात १५ जूनला. ३७ आठवडे भरतात ६ जुलैला. जुळ्यांच्या बाबतीत पोटातले दिवस याच सुमाराला संपले असे धरून चालावयाचे. म्हणजे या सुनेची खरी तयारीची तारीख २७ जुलै नव्हेच. मृग लागला की तिची तयारी झालेली पाहिजे.

आणि मृगानंतर आपल्या जिल्ह्यात काय होते ते मी सांगावयास नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा, ४३ फुटांवर गेले की धोका. बंधारे पाण्याखाली जातात, गगनबावड्याचा रस्ता बंद होतो, चिखली-आंबेवाडीची माणसे जनावरे घेऊन बाहेर पडतात. २००५ झाले, २०१९ झाले, २०२१ झाले. मागच्या दोन्ही महापुरांत पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता. मोटार असून, पैसा असून माणसे अडकली. अशा वेळी जुळ्याच्या आईच्या पोटात कळ आली, तर १०८ ची गाडी तरी कोठून यावी?

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की ज्या बाईची तारीख जुलै-ऑगस्टमधील आहे आणि जिच्या पोटात जुळी आहेत, तिने पाऊस लागण्यापूर्वीच दवाखान्याच्या जवळ राहावयास यावे. नात्यातले, ओळखीचे, मावशीचे, कोणाचेही घर चालेल. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे, ती चांगलीच आहे. परंतु माहेर नदीपलीकडे असेल, तर आईनेच लेकीकडे जावे. डोहाळजेवण सातव्यात करता ना? जुळ्याचे जरा आधी उरका, आणि ओटी भरून झाली की लगेच ती कोठे राहणार ते ठरवा. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडते. पडो. दवाखाना कोणत्या गावचा हे महत्त्वाचे नाही. तेथे शस्त्रक्रियेची सोय, रक्ताची सोय आणि कमी दिवसांच्या बाळांसाठी वेगळा कक्ष, या तीन गोष्टी आहेत का, एवढे पाहावे.

आता कोणी म्हणेल, एवढी घाई कशाला? कळा सुरू झाल्या की निघू. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे हातपाय तयार असतात, नाकडोळे तयार असतात. तयार नसतात ती फुप्फुसे. पहिला श्वास घेतल्यावर ती फुगून राहावयास हवीत, ती पुन्हा मिटू लागतात. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे लिगिन्स नावाच्या डॉक्टरांना १९६९ साली मेंढ्यांवर प्रयोग करताना असे दिसले, की पोटातील कोकराला एक विशिष्ट औषध दिले तर त्याची फुप्फुसे लवकर पिकतात. पुढे हॉवी या बालरोगतज्ज्ञांच्या साहाय्याने त्यांनी ते स्त्रियांना देऊन पाहिले आणि १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज ही स्वस्त इंजेक्शने सरकारी दवाखान्यांतूनही मिळतात. वेळेआधी बाळंतपण होण्याची चिन्हे दिसली, तर २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान ती देतात. २०१४ पासून आपल्या देशात, पुढे पाठवण्यापूर्वी पहिला डोस देण्याची मुभा नर्सबाईंनाही आहे.

पण औषध टोचले आणि लगेच गुण आला, असे होत नाही. त्याचा पुरता उपयोग होण्यास साधारण एक दिवस लागतो. म्हणजे दुपारी कळ आली, संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, रात्री गाडी शोधली आणि पहाटे दवाखान्याच्या दारात बाळंतपण झाले, तर औषध असून नसल्यासारखे. हा जो एक दिवस आपण 'बघू थोडं' म्हणून घालवतो, तोच त्या दोन बाळांच्या कामाचा दिवस असतो.

आपल्याकडे आणखी एक समजूत आहे. सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही, असे म्हणतात. मी ही समजूत शिकलेल्या घरांतूनही ऐकली आहे. ती सपशेल खोटी आहे. पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या पदरात पडतो. आठव्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा सुदृढच असते. या खुळ्या समजुतीपायी आठव्यातल्या बाळाला कोणी दवाखान्यात नेण्याचे टाळू नये.

आता त्या बाईच्या शरीराकडे वळू. सातवा संपता संपता तिचे पोट एका बाळाच्या नवव्या महिन्याएवढे दिसू लागते. शेजारणी विचारू लागतात, "तारीख चुकली की काय गं?" तिला दम लागतो. पोट वर चढून दाबते म्हणून दोन घासांत पोट भरते आणि छातीत जळजळते. रात्रीतून चार वेळा उठावे लागते. पाठ, कंबर, जांघा दुखतात. पायांच्या शिरा फुगतात, मूळव्याधीचा त्रास होतो. झोप येत नाही. यांतील बहुतेक त्रास हे दोघांचे ओझे आहे, आजार नव्हे. परंतु घरातील माणसांनी 'तिचं काहीतरी नवीनच' असे म्हणू नये. आम्हालाही मुले झाली, हे खरे. दोन एकदम झाली नाहीत, हेही खरे.

तिने कुशीवर, शक्यतो डाव्या कुशीवर निजावे. पोटाखाली आणि दोन गुडघ्यांमध्ये एकेक उशी किंवा गोधडीची घडी ठेवावी. उताणे निजल्यास भरलेली पिशवी मोठ्या रक्तवाहिनीवर दाबते आणि घेरी आल्यासारखे वाटते. पाण्याची घागर, वैरणीचा भारा, उसाची मोळी तिने उचलू नये. ऊसतोडीच्या हंगामात फडावर मुक्कामाला असलेल्या भगिनींना हे सांगणे सोपे नाही, हे मी जाणते. त्यांच्या मुकादमाने आणि गावच्या आशाताईंनी मिळून त्यांना वेळेवर फडावरून हलवले पाहिजे.

याउलट काही घरांत जुळी म्हटले की बाईला खाटेवरून उतरूच देत नाहीत. तेही बरोबर नाही. नुसते पडून राहिल्याने बाळंतपण लांबते, असे तपासात दिसून आलेले नाही. उलट सतत पडून राहिल्याने पायातील रक्त गोठण्याचा धोका असतो. दुपारी विश्रांती, थोडे घरातल्या घरात हिंडणे, हलके काम, हे बेताचे. डॉक्टरांनी काही कारणाने वेगळे सांगितले असेल, तर त्यांचे ऐकावे.

खाण्याविषयी बोलल्याशिवाय सासूबाईंचे समाधान होणार नाही. "जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होईल, अडेल," असे सांगून सुनेला अर्धपोटी ठेवणारी घरे अजून आहेत. जुळ्यांच्या बाबतीत धोका उलट आहे. बाळे लहान भरतात, बहुधा दोन-अडीच किलोंच्या आसपास, कधी त्याहून कमी. तिला चांगले खाऊ घातले पाहिजे. पण पोटात जागा नाही, म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. भाकरी, घट्ट वरण, मटकीची उसळ, पालेभाजी, दूध, दही, शेंगदाणे-गूळ, नाचणीची आंबील, आणि चालत असेल त्यांच्याकडे अंडी, मटण, मासळी. यांत विकत आणावे असे फारसे काही नाही. आणि हो, जोडकेळे खाल्ल्याने जुळी होतात म्हणून ते लपवून ठेवण्याचे कारण नाही. झाली ती झाली, आता खाऊ द्या तिला केळे!

रक्त मात्र तपासलेच पाहिजे. दोन बाळे आणि दोघांची वार यांना लोह पुरवता पुरवता आईचे रक्त उतरते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले तर ते कमी समजतात. ७ च्या खाली गेले तर ती बाई मोठ्या धोक्यात आहे. लोहाच्या गोळ्या किती, हे डॉक्टर ठरवतील. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबाच्या सरबताबरोबर घ्याव्यात. चुन्याच्या म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या वेगळ्या वेळी घ्याव्यात. दोन्ही एकदम घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. शौचास काळे झाले म्हणून गोळ्या शेणखतात टाकणाऱ्या भगिनींनी ऐकावे, ते लोहामुळे होते, त्यात भिण्यासारखे काही नाही.

सोनोग्राफीबद्दल एक आजीबाई म्हणतात, "आमच्या येळला कुठं होतं हे फोटो काढणं? घरातच झाली की समदी." झाली, आजी. पण जी झाली नाहीत ती कोणी मोजली नाहीत. सोनोग्राफीत डॉक्टर काय पाहतात? बाळे दोन आहेत हे तर कळतेच; पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दोघांची वार एक आहे की वेगळी आहे. हे तिसऱ्या महिन्याच्या सुमारास सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणून तो पहिला कागद जपून ठेवावा. वारा दोन असल्या म्हणजे प्रत्येकाची शिदोरी स्वतंत्र. अशी जुळी सर्व ठीक असल्यास साधारण ३७-३८ व्या आठवड्यापर्यंत पोटात ठेवतात. वार एकच असली तर दोघे एका ताटात जेवतात, आणि कधीकधी एकाच्या वाट्याचे रक्त दुसऱ्याकडे जाते. एक सुकत जातो, दुसऱ्याला भार होतो. अशा आईची तपासणी दर दोन आठवड्यांनी झाली पाहिजे आणि बाळंतपण ३६-३७ व्या आठवड्यात ठरवून करतात. दोघे एकाच पाणमोटेत असणे हे फार क्वचित, परंतु सर्वांत नाजूक. त्यांना ३२ ते ३४ आठवड्यांतच शस्त्रक्रियेने बाहेर घेतात. मुलगा की मुलगी, हे मात्र विचारू नये. १९९४ च्या कायद्याने ते सांगणे आणि विचारणे दोन्ही गुन्हा आहे.

आता काही खुणा सांगते. या तिमाहीत पोट मधूनमधून कडक होते आणि सैल पडते. विश्रांती घेतली, पाणी प्याले की थांबते. पण एका तासात चार-पाच वेळा पोट दगडासारखे झाले, किंवा कंबरेत येऊनजाऊन दुखू लागले, खाली दाबल्यासारखे वाटले, पाणी गेले, थेंबभर का होईना रक्त दिसले, तर निघावे. डोके सारखे ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, छातीच्या खाली उजव्या अंगाला दुखणे, तोंड आणि हात एकाएकी सुजणे, ही रक्तदाब वाढल्याची चिन्हे आहेत. जुळ्याच्या आईला हा विकार एका बाळाच्या आईपेक्षा अधिक वेळा होतो. रक्तदाब १४० वर ९० किंवा त्यापुढे गेला की दवाखाना गाठावा. झटके येईपर्यंत थांबावयाचे नाही. झटके आल्यावर कांदा हुंगवण्यात आणि बाहेरचे बघण्यात वेळ घालवावयाचा नाही.

आणि बाळांची हालचाल. दोघे कोठे कोठे लाथा मारतात हे आईला सवयीने कळते. एक वरच्या अंगाला, एक खाली. शेवटी शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळे गप्प होतात, असे कोणी सांगेल. ते खरे नाही. हालचालीची तऱ्हा बदलेल, पण ती थांबत नाही. कमी झाली असे आईला वाटले, तर सकाळची वाट पाहू नये. ती सांगते आहे, तेवढे कारण पुरे.

बाळंतपण कसे होणार, हा सर्वांचा प्रश्न. जुळी म्हणजे पोट फाडावेच लागते, असे नाही. पहिले बाळ डोक्याकडून असेल आणि इतर काही अडचण नसेल तर दोन्ही बाळे खालून होऊ शकतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत अशा मातांचे ठरवून सीझर करून बाळांचा धोका कमी झाला, असे दिसले नाही. पहिलेच पायाळू किंवा आडवे असेल तर सीझर करणे बरे. खरी कसोटी असते ती दुसऱ्या बाळाची. पहिले बाहेर आले की दुसऱ्याला एकदम मोकळी जागा मिळते आणि ते आडवे फिरू शकते. त्या वेळी बाजूला जाणता डॉक्टर आणि शस्त्रक्रियेची खोली तयार असावी लागते. घरी किंवा वाटेत गाडीत बाळंतपण झालेच, तर जे कोणी जवळ असेल त्याने ओरडून सांगावे, की आत आणखी एक आहे. बाळ झाल्याबरोबर पिशवी आवळण्याचे इंजेक्शन देण्याची पद्धत असते. आत दुसरे बाळ असताना ते दिले तर अनर्थ होतो. दोन बाळांनी ताणलेली पिशवी नंतर लवकर आकसत नाही आणि रक्तस्राव होतो. म्हणून रक्तगट आधी पाहावा, रक्त देणारी दोन माणसे आधी सांगून ठेवावीत. या कामी शाळेतले तरुण गुरुजी मोठा उपयोग करून देऊ शकतील.

खर्चाची काळजी करणाऱ्यांनी ऐकावे. १ जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सीझर, औषधे, रक्त, तेथवर नेणारी १०२ ची गाडी, सर्व विनामूल्य आहे. आजारी बाळाचे उपचारसुद्धा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणी होते.

आपल्या कोल्हापुरात थोरल्या दवाखान्याची भीती बाळगणारे लोक अजून आहेत. ज्याला आज आपण सी.पी.आर. म्हणतो, त्या दवाखान्याचे पूर्वीचे नाव आल्बर्ट एडवर्ड. १८८६ साली तेथल्या स्त्रियांच्या विभागावर कोल्हापूर दरबाराने नेमणूक केली ती डॉ. आनंदीबाई जोशी यांची. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या डॉक्टर होण्यास अमेरिकेपर्यंत गेल्या. पण कोल्हापूरच्या कामावर रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्यांचे पुण्यास निधन झाले. पुढे शाहू महाराजांच्या कारकिर्दीत त्या दवाखान्यात डॉ. कृष्णाबाई केळवकर काम करू लागल्या; महाराजांनी त्यांना पुढील शिक्षणासाठी विलायतेस पाठविले होते. ज्या वास्तूने बायकांसाठी इतक्या लवकर बाई डॉक्टर शोधली, तेथे जावयास आपण का कचरावे?

बाळे लहान झाली तर काय, हेही सांगून ठेवते. दोन किलोच्या बाळाला पहिली गरज उबेची. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरी काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. आज ती रीत जगभर चालते. जुळी असतील तर एक आईच्या छातीशी, दुसरे बापाच्या किंवा आजीच्या. बापाने लाजू नये. शेक-शेगडी, धुरी आणि तेल रगडून आंघोळ इतक्या लहानग्यांना नको. धूर तर मुळीच नको. मध, गुटी काही नको. पहिला चीक दोघांनाही द्यावा. ओढण्याची शक्ती नसेल तर आईचेच दूध काढून बोंडल्याने पाजावे. दोघांना दूध कसे पुरणार, अशी शंका येते. जितके काढाल तितके अधिक उतरते, तिला मात्र जेवू घातले पाहिजे.

राहता राहिले गाठोडे. ३० व्या आठवड्यालाच ते बांधून दारामागे ठेवावे. त्यात माता-बाल कार्ड, पहिल्यापासूनचे सोनोग्राफीचे सर्व कागद, रक्तगटाची चिठ्ठी, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक. मऊ धुतलेली दुपटी दोन नव्हेत, सहा. टोपडी आणि पायमोजे दोघांचे, तेही जरा लहान मापाचे, कारण शेजारच्या बाळाचे आणलेले त्यांच्या नाकावर उतरेल. आशाताईंचा आणि गाडीवाल्याचा नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवावा. घरातील फोन बहुधा शेतावर गेलेला असतो, आणि शेजारणीला डोळ्यांनी वाचता आले पाहिजे.